कुणीतरी धरलंय ना?

नाही, पण मला एक सांगा, घेतलेली वस्तू परत कुणी ठेवायची? ज्यानं घेतली त्यानं! बरोबर? लहानपणी आईनं कान पिळून शिकवलेली गोष्ट! आणि आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मला एक पंचवीस वर्षांची मास्तरीण सांगते, "सर, तुम्ही नका ठेवू परत, ते आपोआप जातं." आपोआप? जातं? अहो कुठं जातं? कोण नेतं?... बसा हो, बसा, सोसायटीचे सेक्रेटरी कपाटाची चावी आणायला गेलेत, ते आल्याशिवाय पाण्याच्या टाकीची सभा काही सुरू होत नाही, तोवर तुम्हाला सांगतो. तो फोन तेवढा टेबलावर राहू द्या. रविवार आहे ना, रविवारी मुलाचा फोन येतो, साडेदहाला. अकरा वाजत आलेत, येईल. वाजला की मी मधेच उचलेन, राग मानू नका.

तर मी कम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. लोक घर बदलतात, परगावी जातात, तेव्हा त्यांचं सामान सांभाळणारी आमची कंपनी. खाली गोदाम, छतापर्यंत खोकीच खोकी, वर ऑफिस. कुठलं खोकं कुठल्या फळीवर आणि कुणाचं, ते सांगणारा प्रोग्रॅम माझा, सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेला. ज्या भाषेत लिहिला ती भाषा म्हणजे कडक सासू! माहिती ठेवायला जागा लागली की कम्प्युटरकडे मागायची, काम झालं की स्वतःच्या हातानं परत करायची. विसरलात, जागा अडकून बसली. दोनदा परत केलीत, प्रोग्रॅम कोसळला. काम संपायच्या आत परत केलीत, मग तर विचारूच नका!

आणि तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं असल्या भाषेत काढली की माणूस घरीही तसाच होतो. बायकोचा चहा अर्धा असतानाच मी कप विसळून पालथा घालायचो. "अहो, पिऊ तरी द्या!" पाहुणे हात धुवायला उठले की मी मागच्या मागे खुर्ची उचलून भिंतीला लावायचो, पाहुणे परत येऊन बसायला गेले की... एकांचं माकडहाड दुखावलं, त्यांनी आमच्याकडे येणंच सोडलं. एकदा शेजाऱ्यांची शिडी परत केली, आणि आठ दिवसांनी वाटलं, अरे, शिडी परत करायची राहिलीच! शोधली, सापडेना, घर डोक्यावर घेतलं, शेवटी शेजाऱ्यांच्याच दारात उभी दिसली, ती उचलली आणि त्यांचीच त्यांना नेऊन दिली! ते बिचारे म्हणाले, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार?

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि एक दिवस साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब बोलताना माणसाकडे बघत नाहीत, माणसाच्या मागच्या भिंतीकडे बघतात. "तुम्ही ते... गोदामवाले ना? हं. जुनी भाषा बंद. महिन्याभरात प्रोग्रॅम नव्या भाषेत आणा. मग बघू तुमचं काय करायचं ते." तुमचं काय करायचं ते! निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि ह्यांना माझं काहीतरी करायचंय! त्याच आठवड्यात गळ्यातलं कार्ड बदललं, जुन्यावर नाव होतं, नव्यावर नुसता नंबर. चालायचंच. घरी आलो तर बायको म्हणते, "अहो, एक भाषा आली तुम्हाला, दुसरी काय जड आहे?" हिला काय सांगू! पहिली भाषा शिकताना माणसाला काही येत नसतं, म्हणून ती पटकन येते. दुसरीच्या वेळेला सगळं येत असतं, तिथंच तर नाकी नऊ येतात!

शिकवणी तिसऱ्या मजल्यावर. करडा गालिचा, पांढरा फळा, सहा खुर्च्या, सहा विद्यार्थी, सगळे माझ्याच वयाचे, कंपनीला टाकवतही नाहीत आणि ठेववतही नाहीत असे. मी, आवक विभागातल्या दोघी, एक टक्कलवाले, एक अखंड जांभया देणारे, आणि खिडकीशी एक गृहस्थ. त्यांना आपण खिडकीवाले म्हणू. चकार शब्द बोलायचे नाहीत. चष्मा काढायचा, काचेवर "हाः" करून वाफ सोडायची, सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर.

आणि समोर मास्तरीणबाई! पायात बूट लालभडक, बोलणं लाडीगोडीचं. "सर, इथे जागा मागायची नाही आणि परतही करायची नाही." मी म्हटलं, अहो मग ढीग नाही का साठणार? "नाही ना! मागे एक सफाईवाला सतत फिरत असतो." दिसतो का? "नाही." येतो कधी? "त्याचं तो ठरवतो." आणि काय न्यायचं, काय ठेवायचं, हे त्याला कोण सांगतं? तशी ती हसली... "सोप्पं आहे, सर. तो प्रत्येक वस्तूपाशी येतो आणि एवढंच बघतो, हिला कुणीतरी धरलंय ना? धरलं असेल तर पुढे जातो. नसेल तर नेतो." आवाज होतो का? "नाही." नेलेलं कळतं का? "कुणाला कळणार, सर? कुणी धरलेलंच नसतं ना!"

हसा, हसा. मीही हसलो होतो.

पहिले दोन दिवस तर मजा वाटली हो. आपण पसारा करायचा आणि दुसऱ्यानं आवरायचा, कुणाला आवडणार नाही? बायकोला म्हटलं, आजपासून कप तसाच राहू दे, आपण नवीन पद्धतीनं जगायचं. ती म्हणाली, "अहो, पण मग उचलणार कोण?"... उचलला कुणीतरी. मी समजलो तिनं, ती समजली मी. सहा कपांचा संच होता आमचा, पाच राहिले. फुटला असेल म्हणून सोडून दिलं.

सेक्रेटरी अजून आले नाहीत का?... असो.

तिसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर पाच खुर्च्या. म्हटलं, खिडकीवाले रजेवर का? मास्तरीणबाई म्हणाल्या, "कोण, सर?" अहो, खिडकीशी बसायचे ते! "खिडकीशी कुणी नव्हतं, सर. आपण पहिल्यापासून पाचच." मी आवकवाल्या दोघींकडे बघितलं, त्यांनी एकमेकींकडे बघितलं. टक्कलवाले म्हणाले, "तिथं ऊन येतं, तिथं खुर्ची ठेवतच नाहीत." जांभईवाल्यांनी जांभई दिली. आणि तुम्हाला सांगतो, मी पेन पडल्याचं निमित्त करून खाली वाकलो. गालिच्यावर चार खळगे होते. खुर्चीच्या पायांचे, चांगले खोल. आणि वर खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, वाफेचा एवढासा गोल... माझ्या डोळ्यांदेखत बारीक बारीक होत गेला.

आता मला सांगा, मी त्या माणसाशी दोन दिवसांत एक शब्द बोललो होतो का? नाही. टक्कलवाले बोलले होते? नाही. त्याला कुणीतरी धरलंय ना, हे बघायला तो सफाईवाला आला असेल, एकेकाच्या खुर्चीपाशी थांबला असेल... माझ्याही थांबला असेल!

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. जिन्यात एक कुंडी असायची, तिला पाणी कोण घालायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. कुंडी गेली, ओला गोल राहिला. मागच्या फाटकावर एक म्हातारा रखवालदार असायचा. पुढच्या फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, हो, मागच्या फाटकावरचे कुठे दिसत नाहीत? "मागचं फाटक? ते बंदच असतं." कधीपासून? "असतंच." जाऊन बघितलं. फाटकाला गंजकं कुलूप. आणि आतल्या बाजूला, स्टुलावर, अर्धा ग्लास चहा. कोमट! हात लावून बघितला म्हणून सांगतो!

त्या दिवसापासून मी चंगच बांधला. कुणी धरत नाही काय? मी धरतो! सकाळी ऑफिसात शिरलो की एकेकाला हाक. काय लिफ्टवाले, गुडघा कसा आहे? काय झाडूवाल्या मावशी, नातू रांगायला लागला का? लोक म्हणायला लागले, निवृत्ती जवळ आली की माणूस मवाळ होतो. म्हणेनात का! पण एवढ्या माणसांना, एवढ्या वस्तूंना एकट्यानं किती हाका मारणार? घसा बसला. आणि तिथंच मला ती बुद्धी सुचली, विनाशकाले!

नव्या प्रोग्रॅममध्ये मी एक यादी केली. यादीत जे आहे ते प्रोग्रॅमनं धरलेलं, सफाईवाल्याची काय बिशाद! तिच्यात प्रत्येक खोकं टाकलं. खोकं गोदामातून गेलं तरी यादीत ठेवलं, त्याची चिठ्ठी ठेवली, त्या चिठ्ठीची नक्कल ठेवली. आणि मग, आता तुमच्यापासून काय लपवू, हळूच खाली लिहिलं... खिडकीवाले. मागच्या फाटकावरचे. जिन्यातली कुंडी. आमचा सहावा कप. लिफ्टवाल्यांचा गुडघा. मावशींचा नातू. आणि सगळ्यात खाली, ही. म्हणजे आमची ही. बायको.

तिला का लिहिलं विचारा. विचारा ना! त्याच दिवशी सकाळी मी वर्गात विचारलं होतं, समजा दोघं जण आहेत आणि त्यांनी एकमेकांना घट्ट धरलंय, मग तर झालं? मास्तरीणबाईंनी फळ्यावर दोन गोल काढले. ह्याच्याकडून तिच्याकडे बाण, तिच्याकडून ह्याच्याकडे बाण. मी म्हटलं, वाचले! "नाही ना, सर! सफाईवाला बाहेरच्या दारापासून निघतो. दारानं कुणाला धरलंय, त्यानं पुढे कुणाला धरलंय, असं बघत बघत येतो. ह्या दोघांपर्यंत बाहेरून वाटच येत नाही. मग दोघंही जातात. एकदम." आणि हातानंच तिनं ते दोन्ही गोल पुसून टाकले.

मी वहीत ते दोन गोल पुन्हा काढून ठेवले. कारण तुम्हाला सांगतो, घरी आम्ही दोघंच. मुलगा परदेशी, सून तिच्या कामात. मित्र होते, ते एकेक करून गेले, नाहीतर गावाला गेले. बाहेरून आमच्यापर्यंत येणारा धागा म्हणजे हा फोन. आठवड्यातून एकदा, सात मिनिटं. "बाबा, जेवलात का? आई कशीय? बरं, ठेवतो." तेवढं त्यानं धरलेलं. बस्स, तेवढंच!... वाजला का? नाही? मला वाटलं वाजला.

शुक्रवारी सकाळी चाचणी होती. साहेब आले, भिंतीकडे बघत उभे राहिले. मास्तरीणबाई माझ्या शेजारी. प्रोग्रॅम सुरू केला, झकास चालला! दहा मिनिटं, वीस मिनिटं... मग जरा जड झाला. मग धापा टाकायला लागला. आणि अकरा वीसला गोदामातले कम्प्युटरचे सगळे पडदे काळे! खालून हमाल ओरडताहेत, दारात तीन गाड्या उभ्या, साहेब भिंतीला म्हणाले, "हे काय?" मास्तरीणबाईंनी आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सर, तुम्ही काहीच सोडलं नाहीत! सफाईवाल्याला न्यायला काही ठेवलंच नाही! सगळी जागा भरून गेली!" आता बघा, मी, सव्वीस वर्षांत एक चिमूटभर जागा अडकवून न ठेवणारा मी, माझ्या हातून हे व्हावं!

ती यादी वाचत खाली खाली आली. शेवटाला थांबली. हळूच म्हणाली, "खिडकीवाले..." आणि तिचा चेहराच बदलला हो. "सर, ते... चष्म्यावर वाफ सोडायचे, ते? 'हाः' करून?" मी म्हटलं, हो! हो! तेच! "आपण सहा होतो, सर." तिनं बोटांवर मोजलं. "सहाच होतो. मी असं कसं..." तिनं माझं मनगट धरलं, आणि तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, चला, दोघं झालो!

तेवढ्यात साहेब म्हणाले, "काढा ती यादी. गाड्या खोळंबल्यात."

तिनं माझ्याकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. पंचवीस वर्षांची पोर, पहिलीच नोकरी, करणार काय? तिनं बटण दाबलं. पडदे उजळले, खाली खोकी हलायला लागली. मी म्हटलं, बाई, निदान खिडकीवाल्यांना तरी... ती माझ्याकडे वळली, गोड हसली. "कोण, सर?"

मी तसाच घरी पळालो. भर दुपारी, ऑफिसचे जिने उतरत, कारण लिफ्टवाले जागेवर नव्हते. दार उघडलं, तर ही बसलेली होती सोफ्यावर. होती! जीव भांड्यात पडला. म्हणाली, "अहो, आज लवकर? आणि काय हो, शेजारच्या वहिनींना दोनदा हाक मारली मी, त्यांनी माझ्याकडे बघितल्यासारखंसुद्धा केलं नाही. काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, कामात असतील. आणि तिचा हात धरून बसलो. किती वेळ ते विचारू नका. ती म्हणाली, "अहो, सोडा ना, कप विसळायचाय." मी म्हटलं, राहू दे कप.

काल शनिवारी ऑफिसला गेलो, कार्ड लावलं, दार उघडेना. रखवालदाराला म्हटलं, अरे मी! तो म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?" चिडून तरी म्हणाला का? नाही हो! इतकं अदबीनं म्हणाला की मला रडू आलं. जुन्या भाषेत कसं होतं, एखादी वस्तू जायची तर कुणीतरी ती हातानं सोडायचं. सोडणाऱ्याला माहीत असायचं, आपण काय सोडलं ते! इथं तेवढंसुद्धा नाही.

म्हणून म्हटलं, आज सभा आहे, चार माणसं भेटतील, सांगून टाकू. एकदा ऐकलंत म्हणजे थोडंसं धरलंतच की नाही? ही बघा, ही पहिल्याच रांगेत बसलीय, हिलाही नीट बघून ठेवा. फार काही नको, घरी जाऊन कुणाला तरी म्हणा, आज टाकीच्या सभेला एक बडबड्या माणूस होता, बायको बिचारी गप्प बसलेली. एवढं पुरे. आणि ते सेक्रेटरी आले की त्यांनाही... काय? कोण सेक्रेटरी म्हणजे? अहो, आत्ता चावी आणायला... आपल्याकडे सेक्रेटरी नाहीतच?

वाजला! वाजला बघा! थांबा हं, थांबा... हॅलो! हॅलो, बोल रे! जेवलो, आम्ही दोघंही जेवलो, आई बरी आहे!... कोण? पार्सलवाले? हो हो, बोला... परदेशातून आलंय? अगं, पाठवलं त्यानं! म्हणालाच होता गेल्या रविवारी, बाबा, एक वस्तू पाठवतोय! बघा, धरलंय! कुणीतरी धरलंय! या, या वर... काय? नाव भिजलंय? वाचता येत नाही? त्यात काय, मी सांगतो की, घ्या लिहून...

घ्या...

थांबा हं. तोंडावर आहे अगदी. ऑफिसात सर म्हणतात, मुलगा बाबा म्हणतो, दारावरची पाटी रंगकामाला काढली ती अजून लावलीच नाही... अगं, माझं नाव काय गं? लाजतेस काय चारचौघांत, सांग ना! तो फोनवर थांबलाय! "अहो, तुमचं... तुमचं ते... अहो, तुम्हीच सांगा ना."

...

हॅलो. आहे, मी आहे. घ्या लिहून. अहो. हो, एवढंच. अहो... काय? ह्या नावाचे प्रत्येक मजल्यावर चार-चार आहेत?

खरंय तुमचं. मग असं करा, जिथून घेतलंत तिथं परत ठेवा. आमची जुनी पद्धतच आहे ती.